आत्याबाईंची तहान

आमचे हे रोज संध्याकाळी दार उघडतानाच विचारतात, "काय, आज किती वेळा मेलीस?"

"दोनदा," मी चपला काढत सांगते. "एकदा दम्यानं आणि एकदा बाळंतपणात. चहा टाका."

या वयात बाळंतपणात मरायचं म्हणजे थट्टाच आहे, पण पगार त्याचाच मिळतो. निम्मं आयुष्य मी वॉर्डात सिस्टर म्हणून काढलं. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या मागोमाग मी. घरी बसून यांच्याशी भांडण्यात काही महिने बरे गेले. तेवढ्यात नर्सिंग कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. ही मॅडम एके काळी माझ्याच हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली. म्हणाली, "सिस्टर, बसून करायचं काम आहे. फक्त बोलायचंय." फक्त बोलायचंय म्हटल्यावर यांनीच माझी पिशवी भरून दिली.

कॉलेजात एक खोली अगदी वॉर्डासारखी केलेली आहे. पलंग, पडदा, हात धुवायचं बेसिन, भिंतीतून येणारा ऑक्सिजन, चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर. पलंगावर एक रबरी बाई निजलेली असते. तिची छाती वरखाली होते, मनगटाला नाडी लागते, डोळ्यांची उघडझाप होते. चेहरा असा की जगात कुणाचंच काही तिला पटत नाही, म्हणून पोरींनी तिचं नाव आत्याबाई ठेवलं. एका भिंतीला काळी काच आहे. काचेमागे मी. तिथून मला सगळं दिसतं, पोरींना मी दिसत नाही. समोर माइक आहे आणि त्याला एक लाल बटण. बटण दाबून धरलं की माझा आवाज आत्याबाईंच्या घशातून निघतो, सोडलं की बंद. नाडी, श्वास, ताप, सगळं माझ्या बोटांवर.

आता वॉर्डात कागद उरलेला नाही, सगळं कॉम्प्युटरवर. अंगणापलीकडच्या रुग्णालयात जो प्रोग्रॅम आहे त्याचीच सरावाची प्रत आमच्याकडे आहे, फक्त तिच्या कडेला पिवळी पट्टी, म्हणजे खऱ्याखोट्याची गल्लत नको. त्यातले रुग्णही खरेच, जुने. नाव, पत्ता, फोन पुसायचा, तारखा पुढेमागे सरकवायच्या, की झाला सरावाचा रुग्ण. मॅडमचं म्हणणं, मनानं रचलेले रुग्ण फार शहाण्यासारखे आजारी पडतात. ते खरं आहे.

सकाळी आल्या आल्या माझं पहिलं काम म्हणजे रिसेट. एक बटण दाबलं की आदल्या दिवशी पोरींनी लिहिलेलं सगळं पुसलं जातं, मेलेले उठून बसतात, ताप जिथल्या तिथे येतो. देवाला जे जमत नाही ते मी सकाळचा चहा घ्यायच्या आधी करते, असं मी यांना ऐकवत असे. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

त्या वर्षी आलेल्या रुग्णांत एक पन्नाशीची बाई होती. तिची गोष्ट साधी. पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून आदल्या रात्रीपासून उपाशी. स्क्रीन उघडली की पहिल्याच पानावर लाल पट्टी: तोंडावाटे काहीही देऊ नये. आणि चार पानं आत, जिथे सहसा कुणी जात नाही, तिथे लिहिलेलं: ऑपरेशन आज रद्द. कुणीतरी जास्त अत्यवस्थ माणूस मधे आला असणार. आता ऑपरेशनच नाही तर बाईला उपाशी कशाला ठेवायचं? पण प्रोग्रॅमला एवढी अक्कल नसते. ही दोन पानं एका घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारखी, एकीचं दुसरीला कळत नाही. डॉक्टर मुद्दाम येऊन सूचना थांबवत नाही तोवर लाल पट्टी लालच. आणि डॉक्टरला ते सुचवणार कोण? नर्स.

म्हणजे परीक्षा एवढीच. बाई पाणी मागते. पोरगी स्क्रीनकडे बघून "नाही" म्हणते, की बाईकडे बघून "थांबा, विचारून येते" म्हणते?

पहिल्या फेरीला बहुतेक सगळ्या नाहीच म्हणतात. शिकवण्यासाठीच तो सापळा आहे. मी आत्याबाईंच्या घशातून म्हणायची, "मुली, घोटभर पाणी दे ना." आणि पोरी एकामागून एक, गोड आवाजात, अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे म्हणायच्या, "मावशी, आत्ता नाही हं देता येणार." मग टाइप करायच्या. पाणी खरं द्यायचं नसतंच. आत्याबाईंच्या तोंडात पाणी गेलं तर आतल्या तारा जळतात, म्हणून पलंगाला चिठ्ठी लावली आहे. रिकामा पेला ओठांना लावायचा आणि तोंडानं सांगायचं की मी पाणी देते आहे. पण तेवढंही कुणी करायचं नाही.

त्याच दिवसांत मला तहान लागायला लागली.

आधी वाटलं, दिवसभर बोलून घसा कोरडा पडत असेल. तांब्या भरून घेऊन बसायची, तो संपायचा, पुन्हा भरायची. घरी जेवताना मी चौथा पेला भरला तेव्हा हे म्हणाले, "आज कुठल्या वाळवंटात मेलीस?" साखर तपासून घेतली, काही निघालं नाही. रविवारी दुपारी जरा डोळा लागला होता, तर यांनीच हलवून उठवलं. चेहरा उतरला होता त्यांचा. "झोपेत पाणी मागत होतीस," म्हणाले, "पण आवाज तुझा नव्हता." यांना थट्टा कधी थांबवावी हे आयुष्यात कळलं नाही, पण त्या दुपारी ते थट्टा करत नव्हते. आम्ही दोघांनी त्यावर पुन्हा बोलायचं टाळलं.

आणि मग ती ओळ.

सकाळी रिसेट झाल्यावर नर्सच्या नोंदींचं पान कोरं हवं. या बाईचं पान कोरं नव्हतं. त्यावर लिहिलं होतं: "रुग्ण पाणी मागतात. समजावले. मुलगी सोबत आहे, तिलाही समजावले."

मला वाटलं, कुणा पोरीची नोंद राहिली. पुसली. दुसऱ्या दिवशी रिसेट केलं, पुन्हा तीच. आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर बघणारा एक मुलगा आहे, सगळे त्याला वायरवाला म्हणतात. त्याला बोलावलं.

"काकू, जुन्या खऱ्या रेकॉर्डातलं असेल," तो खुर्ची ओढत म्हणाला. "नावं प्रोग्रॅम पुसतो, पण नर्सनी आपल्या शब्दांत टाइप केलेलं वाचायला त्याला डोळे नाहीत. मूळ प्रतीत जाऊन उडवतो." बराच वेळ तो खटखट करत बसला. मग मान खाजवली. "मूळ प्रतीत ही ओळ नाहीये."

"मग येते कुठून?"

"तेच बघतोय," तो म्हणाला, आणि पुन्हा काही त्या खोलीत एकटा यायला तयार झाला नाही. वरवर म्हणायचा, वेळ नाही.

मी त्या ओळीकडे बघत बसायची. 'समजावले.' आम्हा वॉर्डातल्या बायकांचा हा फार सोयीचा शब्द. रडणाऱ्याला समजावले, भांडणाऱ्याला समजावले, दुखतंय म्हणणाऱ्याला समजावले. लिहून टाकलं की आपलं काम झालं. दुसऱ्याचं काय झालं ते त्या शब्दात कुठेच नसतं.

आता टाचणीबद्दल सांगते. टाचणी म्हणजे दुसऱ्या वर्षातली एक पोरगी. अंगानं काडी, पण वर्गात कुणी चुकीचं बोललं की टोचायची म्हणून मैत्रिणींनी हे नाव ठेवलेलं. हुशार. हात असे हलके की सुई टोचलेली कळू नये. तिच्या दप्तराच्या कप्प्यात एक पाण्याची बाटली असायची, सकाळी भरलेली आणि संध्याकाळीही भरलेलीच. ओठ कायम फुटलेले. मी एकदा कॉरिडॉरमध्ये हटकलं, "अगं, ही बाटली काय शोभेला आहे? पी की जरा." ती हसली आणि म्हणाली, "पिते हो काकू." प्यायली नाही.

तर ही टाचणी, जी बाकी सगळ्या रुग्णांत पहिली आली, ती या बाईपाशी अडली. पहिल्या खेपेला तिनं स्क्रीन उघडली, वाचत गेली, आणि एका पानावर थांबली ती थांबलीच. मी घोटभर पाणी मागितलं. ती हललीच नाही. मी पुन्हा मागितलं, विव्हळले, नाडी वाढवली. ती हात धुवायला म्हणून बेसिनपाशी गेली आणि तिथूनच बाहेर निघून गेली. मॅडमनी शून्य दिलं. दुसऱ्या खेपेला ती पलंगापर्यंत आली, आत्याबाईंचा डावा हात हातात घेतला, बोटं चाचपली, आणि मटकन खाली बसली.

नियम सरळ होता. "नाही" म्हणणाऱ्या पोरींचे नुसते गुण कापले जायचे, पण रुग्णाला अर्ध्यात टाकणारी नापास, आणि तिला एकूण तीन संधी. तिसरीही गेली तर कॉलेजातून नाव कमी. मॅडम वाईट नाही, पण नियमापुढे ती सख्ख्या आईचं ऐकणार नाही.

त्या दुसऱ्या खेपेनंतर बाकीच्या जेवायला गेल्या तरी ही तिथेच जमिनीवर बसून होती. मी गुडघे धरत धरत काचेमागून बाहेर आले आणि पलंगाच्या कडेला टेकले.

"काय झालं गं? ज्या पोरीनं मागच्या आठवड्यात रक्ताच्या थारोळ्यात हात घातला, तिला पाण्याची भीती?"

तिनं वर बघितलं. "काकू, त्या बाईंच्या डाव्या हातात अंगठी आहे. निघत नाही म्हणून ऑपरेशनच्या आधी चिकटपट्टी लावली, असं आत लिहिलंय."

"असेल."

"पेनिसिलिननं अंगावर गांधी उठतात. लहानपणी उजवा कोपर मोडला होता, हात सरळ होत नाही. डाव्या कानानं कमी ऐकू येतं." हे सगळं ती स्क्रीनकडे न बघता म्हणत होती. "आणि मुलगी सोबत आहे, तिलाही समजावले."

"हो, ती ओळ काही जात नाही बघ. कितीदा पुसली."

"ती मुलगी मी," टाचणी म्हणाली.

माझ्या काळजात चर्र झालं.  आयुष्यभर लोकांना समजावलेली बाई मी, पण त्या वेळी गुडघे धरून तिच्या शेजारी जमिनीवर टेकले.

तिनंच सांगितलं, थांबत थांबत. याच पलीकडच्या रुग्णालयात. आई सकाळपासून पाणी मागत होती. ही शेजारी स्टुलावर. नर्स यायच्या, स्क्रीन बघायच्या, आत्ता नाही म्हणायच्या आणि जायच्या. दुपार गेली. ऑपरेशन रद्द झालंय हे या दोघींना कुणी सांगितलंच नाही. संध्याकाळी आईच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

"पाणी दिलं असतं तर वाचली असती असं नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला नीट सांगितलं, आणि आता मला स्वतःलाही कळतं. पण ती तहानलेली गेली. मी शेजारी बसून तिला 'थोडी कळ काढ' म्हणत होते. म्हणून या शिक्षणाला आले, काकू. मला फक्त तिथे उभं राहायचं होतं जिथून 'थांबा, विचारून येते' असं म्हणता येतं."

"मी मॅडमशी बोलते," मी म्हणाले. "असा ओळखू येणारा रुग्ण सरावात ठेवणंच चूक आहे. तुला दुसरा देतील. दम्याचा म्हातारा आहे, तुझ्या डाव्या हाताचा मळ."

"नको."

"अगं पण..."

"तिला इथे टाकून मी म्हाताऱ्याकडे जाऊ?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "काकू, तुम्ही तिला रोज सकाळी जिवंत करता. आणि मग दिवसभर आम्ही सगळ्याजणी रांगेनं येऊन तिला नाही म्हणतो. रोज! एकदाच गेली होती ती, एक दिवस तहानली होती. आता रोज तहानते."

 घसा असा कोरडा पडला की गिळता येईना. मला माझी रविवारची झोप आठवली, आणि यांचा उतरलेला चेहरा.

मॅडमना मी सगळं सांगितलं. तिनं डोकं हातात धरलं, वायरवाल्याला फोनवर खडसावलं, आणि रुग्ण तत्काळ काढून टाकायला निघाली. टाचणीनंच अडवलं. "माझी तिसरी वेळ होऊ दे, मग काढा," म्हणाली. "हिच्याचपाशी."  मॅडम म्हणाली, "ठीक आहे. पण गुण मी नेहमीसारखेच देणार. दया मागायची नाही."

"नाही मागणार," टाचणी म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी मी रिसेट केलं. ओळ होतीच. या वेळी मी पुसली नाही. पेला घासून पुसून कोरडा करून टेबलावर ठेवला आणि काचेमागे जाऊन बसले. मॅडम शेजारच्या खोलीत फोन घेऊन बसली, कारण डॉक्टर तीच व्हायची. आणि ती डॉक्टर झाली की असली खडूस होते की खऱ्या डॉक्टरांनी शिकवणी लावावी.

टाचणी आत आली. हात धुतले. पलंगापाशी गेली. स्क्रीनकडे नाही, आधी पलंगापाशी.

"नमस्कार," ती म्हणाली. आवाज कापला, पण तुटला नाही. "आज मी तुमची नर्स आहे."

मी बटण दाबलं. "मुली, घोटभर पाणी दे ना."

"हो. तोंड कोरडं पडलंय तुमचं, दिसतंय मला. उपाशी ठेवायला सांगितलंय तुम्हाला, पण ते अजून लागू आहे का ते बघते. मी कुठे जात नाहीये, इथेच उभी राहून बघते."

कॉम्प्युटरचं टेबल तिनं पलंगाजवळ ओढलं, आईकडे पाठ होणार नाही असं. पानं उघडत गेली. चौथ्या पानावर थांबली. मग फोन उचलला.

"डॉक्टर, रुग्णाचं ऑपरेशन आज रद्द झालंय. उपाशी ठेवण्याची सूचना अजून चालू आहे. थांबवायची का?"

"राउंडला आल्यावर बघू," मॅडमचा आवाज फोनमधून मलासुद्धा ऐकू आला. "मी कामात आहे."

फोनपर्यंत आलेल्या थोड्या पोरीही इथे "बरं डॉक्टर" म्हणून फोन ठेवतात.  माझं बोट लाल बटणावर होतं. एक शब्द टाकून तिला धीर द्यावा असं फार वाटत होतं, पण तसं केलं असतं तर परीक्षा तिची राहिली नसती.

"राउंड संध्याकाळी आहे," टाचणी म्हणाली. "त्या काल रात्रीपासून काही प्यायल्या नाहीत. ओठ सुकलेत, नाडी वाढलीये. तुम्ही आत्ता सूचना थांबवली तर मी आत्ता पाणी देऊ शकते. तुम्हाला वेळ नसेल तर मी तुमच्या वरिष्ठांना फोन लावते. हा फोन केल्याची नोंद मी करतेच आहे."

 मग मॅडमचा आवाज आला, आणि तो डॉक्टरचा राहिला नव्हता. "थांबवा सूचना. पाणी द्या."

लाल पट्टी गेली. पहिलं पान पांढरं झालं. किती पोरी त्या खोलीत येऊन गेल्या, पण ते पान पांढरं झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

टाचणीनं पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली. मानेखाली हात घातला. पेला ओठांना लावला. "मी पाणी देते आहे," ती म्हणाली. "सावकाश. ठसका लागेल."

इथे माझं वाक्य होतं. कागदावर लिहिलेलं होतं: बरं वाटलं गं. मी बटणाकडे हात नेला आणि मला रडू फुटलं. हुंदका आत्याबाईंच्या घशातून बाहेर पडला असता, म्हणून मी हात मागे घेतला आणि दोन्ही तळवे तोंडावर दाबून बसले. बटण दाबलेलंच नव्हतं. त्यावरचा दिवा बंद होता. हे मी शपथेवर सांगते.

काचेतून मला दिसत होतं. टाचणी पेला बाजूला घेऊन थांबली. "अजून?" तिनं विचारलं. मग मान जराशी उजवीकडे झुकवली, हळू बोलणाऱ्या माणसाचं ऐकताना आपण झुकवतो तशी. आणि पुन्हा पेला लावला. पुन्हा थांबली. "अजून?" पुन्हा मान झुकवली. पुन्हा पेला. असं ती करत राहिली, आणि मी तोंड दाबून बघत राहिले. शेवटच्या वेळी तिनं ऐकलं ते जरा जास्त वेळ. मग "हो" म्हणाली. पेला खाली ठेवला, पांघरूण नीट केलं, आणि टाइप करायला वळली.

मी डोळे पुसून बाहेर आले तेव्हा ती कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी होती. हातात ती बाटली. उघडी. ती गटागटा पीत होती, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, युनिफॉर्म भिजत होता, आणि ती थांबत नव्हती. बाटली रिकामी झाली तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला.

"काकू," ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"शेवटी म्हणालात ते. 'आता तू पी.' त्या दिवशी दुपारभर ती मला हेच म्हणत होती, मी तर पीत नाही, तू तरी पी. मी प्यायले नाही. तिच्यासमोर कशी पिणार? आणि नंतर... नंतर कधी घोट घेतला की तिचे ओठच दिसायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. कसं सुचलं तुम्हाला?"

मला वॉर्डात शिकवलं होतं की रुग्णाशी खोटं बोलायचं नाही. पण ती रुग्ण नव्हती, आणि मला खरं काय ते तरी कुठे माहीत होतं? मी तिच्या हातातली बाटली घेतली आणि म्हणाले, "आण, भरून आणते." ती दुसरी बाटलीही प्यायली.

मॅडमनी तिला पास केलं. संध्याकाळी परीक्षेचं चित्रीकरण बघून झाल्यावर मला मात्र बोलावलं. "सिस्टर, शेवटी तुम्ही गप्प का झालात? तुमचं वाक्यच नाही. पोरगी विचारतेय, थांबतेय, आणि समोरून काही आवाज नाही. नशीब, ती गडबडली नाही. पुढच्या वेळी लक्ष द्या."

"देते," मी म्हणाले. 

दुसऱ्या दिवशी तो रुग्ण काढायचा होता. पण या प्रोग्रॅममधून कुणालाही नुसतं काढता येत नाही, आधी त्याचं काय झालं ते सांगावं लागतं. चौकट येते: दुसरीकडे हलवले, मृत, घरी सोडले. यातलं एक निवडल्याशिवाय तो पुढे जात नाही. मी खुर्चीत बसले, बाण 'मृत' वर नेला, कारण खरं तेच होतं. आणि बोट काही दाबेना.

मी टाचणीला वर्गातून बोलावून घेतलं. तिला स्क्रीन दाखवली. काही समजावलं नाही.

तिनं चौकट वाचली. मग माझ्या खांद्यावरून हात पुढे करून 'घरी सोडले' वर ठेवला आणि दाबला. प्रोग्रॅमनं विचारलं, सोबत कोण? तिनं टाइप केलं: मुलगी.

पान बंद झालं. पुढच्या सकाळी मी रिसेट केलं तेव्हा त्या पलंगाला रुग्ण नव्हता आणि नोंदींचं पान कोरं होतं. आत्याबाई नेहमीसारख्या छताकडे नापसंतीनं बघत होत्या. मी तांब्याकडे हात नेला आणि लक्षात आलं की मला तहान लागलेली नाही.